तुसाची रेघ

रविवारी दुपारी ऊन कलतं झालं, की आमचे साहेब भात कापलेल्या खाचरात पालथे पडत, हनुवटी जमिनीला टेकवत, एक डोळा मिटत आणि दुसऱ्याने समोरची रेघ बघत. सहा फूट उंच, तांबड्या केसांचा, मानेपर्यंत उन्हाने भाजलेला गोरा माणूस असा पोटावर पडलेला बघायला सुरुवातीला निम्मं कर्जत बांधावर येऊन उभं राही. साहेबांना त्याचं काही नव्हतं. पडल्या पडल्या ते हात वर करून खूण करत, "डावीकडं घे. एक बोट." मग धोंडू मुकादम तळहाताने तूस सारून रेघ एक बोट डावीकडे घेई. साहेब उठत, सदऱ्यावरची धसकटं झटकत आणि समाधानाने म्हणत, "आता सरळ हाय. आता कोन भांडनार नाय."

हे आडवं पडणं त्यांच्या धंद्यातलंच होतं. कर्जतपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या आणि खोपोलीच्या फाट्यावरच्या रुळांची देखभाल त्यांच्याकडे होती. रूळ कुठे दबला आहे हे ते असेच पालथे पडून, डोळा रुळाच्या पातळीत आणून ओळखत. खाचरातही तेच करत. फरक इतकाच, की तिथे रुळाच्या जागी भाताचं तूस होतं. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत चुना मिळेना. भाताच्या गिरणीमागे मात्र तुसाचे ढीग पडलेले असत, कोणीही घेऊन जावं. साहेबांनी त्या तुसाने फुटबॉलच्या मैदानाच्या रेघा आखल्या, आणि रुळांवर राबणाऱ्या गँगमननी त्यांचं नाव 'रेघवाला सायब' असं ठेवलं. खरं नाव आम्हा कोणाच्या जिभेवर नीट बसलं नाही.

मी त्यांच्या कचेरीत हजेरी कारकून होतो. नुकता लागलो होतो, वय एकवीस. डोळ्याला जाड चष्मा, धोतरावर काळा कोट. घरातल्या तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या. असा माणूस फुटबॉल काय खेळणार? तरी दर रविवारी मी मैदानावर असे, आणि आजही त्या दुपारी आठवल्या की छातीत काहीतरी धावू लागतं.

साहेबांची मराठी ही मोठी मौज होती. ती त्यांनी गँगमनकडून उचलली होती, त्यामुळे हाय, नाय, आमी, तुमी सगळं जसंच्या तसं. आमच्या वडिलांनी एकदा त्यांना अदबीने विचारलं, "साहेब, आपण इंग्लंडचे कोणत्या भागातले?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "विंग्रज नाय मी. स्कॉटलंडचा हाय. विंग्रज खाली ऱ्हातात, आमी वर. तुमचं कसं, घाट चढला की देश लागतो, तसं." वडील घरी येईपर्यंत हसू दाबून होते. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, "अगं, हा तर आपल्या धोंडूचा थोरला भाऊ शोभतो."

खेळाडू निवडायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. कोण किती जोरात पळतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही. रुळांवर काम करणारा माणूस रोज कोसच्या कोस रुळांखालच्या, सारख्या अंतरावरच्या लाकडी स्लीपरवरून चालतो. त्याचं पाऊल ना लांब पडतं, ना आखूड, आणि नजर कधी पायाकडे नसते. साहेब रुळांवरून ढकलत न्यायच्या ट्रॉलीवर बसून जाताना माणसांची पावलं बघत. "तो बघ भाऊ," मला कोपर मारून म्हणत, "खाली न बघता चालतो. लिहून घे नाव." अकरावे साहेब स्वतः; बाकी दहा नावं मी अशी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली. सगळे कर्जत-खालापूरच्या गावांतले शेतकऱ्यांचे मुलगे, फुटबॉल कधी न पाहिलेले.

त्यांना खेळ शिकवला तोही कामातून. रुळाखाली खडी ठोकताना चार माणसं स्लीपरभोवती समोरासमोर उभी राहतात, मुकादम गाण्याची ओळ म्हणतो आणि चौघांची हत्यारं एका ठेक्यात पडतात. साहेब म्हणाले, "ठोकताना कदी दुसऱ्याच्या पायावर मारता का रं? नाय ना. का नाय? ठेका ऐकू येतो म्हनून. बॉलचं तसंच. समोरच्याचा ठेका ऐक आनि दे." महिनाभरात धोंडू मुकादम मैदानातही ओळ म्हणू लागला. तिच्या तालावर चेंडू या पायाकडून त्या पायाकडे असा जाई, की बांधावरचे म्हातारे नकळत माना डोलवत. सगळे अनवाणी खेळत. साहेबांनीही बूट काढून ठेवले होते. "मी बूट घातला तर पोरांचं पाय मोडतील," म्हणत. संध्याकाळी त्यांच्या गोऱ्या तळव्यांत धसकटांचे काटे असत आणि धोंडू ते बाभळीच्या काट्याने काढत बसे. "सायब, तुमी रेल्वेचं सायब का आमचं गुरू, त्येच कळंना," धोंडू म्हणे. साहेब म्हणत, "काटा काड गपचिप."

मैदानाच्या दोन लांब बाजूंना बांध होते, तिथे रेघेची गरज नव्हती. तूस पडे ते फक्त दोन्ही टोकांच्या गोलांपाशी. गोल म्हणजे दोन उभे बांबू आणि एक आडवा. जाळी नव्हती. जाळी नाही म्हटल्यावर भांडण ठरलेलं. चेंडू आडव्या बांबूला आपटून खाली पडला आणि बाहेर उसळला, तर तो आत पडला होता की रेघेवर, हे कोण सांगणार? त्यावर साहेबांनी स्वतःचा नियम काढला होता. चेंडूचं चामडं वाळू नये म्हणून त्याला करंजाचं तेल चोळलेलं असे. त्या तेलकट चामड्याला तूस लगेच चिकटे. अशी शंका आली की चेंडू उचलून बघायचा. तूस चिकटलेलं असेल तर रेघेवर पडला, गोल नाही. नुसती माती असेल तर आत पडला, गोल. आधीचं तूस राहून घोटाळा होऊ नये म्हणून, गोलामागे गेलेला चेंडू फडक्याने पुसूनच परत द्यायचा. त्यासाठी दोन्ही गोलांपाशी एकेक पंच असे. त्याच्या हातात काठी, काठीला फडकं बांधलेलं. एका गोलापाशी तो पंच मी होतो.

या नियमामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. पळसदरीच्या पुढे ट्रॉली थांबवून आम्ही भाकऱ्या खात होतो. धोंडूने विचारलं, "सायब, तुमी तकडं लई मोटं खेळाडू व्हता का?"

"छ्या," साहेब म्हणाले. "नापास पोरांच्या वर्गातला. आमच्यात वरचा वर्ग असतो, खालचा वर्ग असतो. मी सगळं खालच्यात खेळलो. शनवारी दुपारपत्तुर रूळ ठोकायचा, मग अंग धुवून खेळायला. आमच्यात एक पाव भाजनारा व्हता, चार कोळशाच्या खानीतलं. बगायला गाव आनि गावाची कुत्री."

"मंग वरच्या वर्गात चढवलं नाय कदी?"

साहेबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. एकदा तशी वेळ आली होती, म्हणाले. हंगामाचा शेवटचा सामना, जिंकले तर वरच्या वर्गात. अगदी अखेरीला त्यांनी मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागला, खाली पडला, बाहेर आला. पंच लांब होता. तो धावत आला आणि त्याने साहेबांनाच विचारलं, तू जवळ होतास, आत पडला का? साहेबांच्या डोळ्यांवर ऊन होतं. ते म्हणाले, "मला दिसलं नाही." गोल दिला नाही. गाव खालीच राहिलं.

"मंग?" धोंडू म्हणाला.

"मंग काय. गावात जो भेटंल तो इचारायचा, आत व्हता का रं? पाववाला इचारायचा. पाद्री इचारायचा. माजी आई इचारायची. हो म्हनला असतास तर काय जिभंला फोड आला असता? सात वर्सं ऐकलं. मग बोटीत बसलो." त्यांनी मांडीवरचे भाकरीचे कण झटकले. "म्हनून तूस. मानसाला इचारायला नको. बॉलच सांगंल."

धोंडू हळूच म्हणाला, "सायब, एक तरी ढाल जिकायला पायजे तुमी. आयुष्यात एक."

"जिकू की," साहेब म्हणाले आणि भाकरी उचलली. पण त्यांच्या तोंडावरची ती लालसा मी पाहिली. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर ती इतकी उघडी दिसते, की बघणाऱ्यालाच नजर वळवावी लागते.

स्वराज्य येणार हे नक्की झालं, त्या हिवाळ्यात साहेबांचे परत जायचे कागद आले. त्याच हिवाळ्यात कर्जतच्या एका व्यापाऱ्याने ढाल ठेवली. लाकडावर पितळेचा पत्रा, मध्ये उगवता सूर्य. अंतिम सामना आमच्या गँगचा आणि खोपोलीच्या वीजघरातल्या कामगारांचा ठरला. धोंडूने आधीच जाहीर करून टाकलं, "ढाल जिकली तर सायबाची. घरी घिऊन जाऊ दे. आईला दाखवू दे."

काय ती दुपार होती! बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. पेंढ्याच्या उडव्यांवर माणसं, आंब्याच्या फांद्यांवर माणसं, खोपोलीहून गाडीभर आलेले ढोलवाले. वीजघराच्या संघाला निळे सदरे होते, आमच्यांना ज्याचे त्याचे. त्यांचा गोलरक्षक सखाराम म्हणून खोपोलीजवळच्या शिळफाट्याचा एक काळा, चपळ मुलगा होता. चेंडू त्याच्या हातात जाई तो विहिरीत पोहरा जावा तसा, आवाजसुद्धा न होता. त्याने पहिल्या अर्ध्यात साहेबांचे तीन फटके अडवले. तिसऱ्या वेळी साहेब त्याला म्हणाले, "तुला आई-बाप नायत का रं? घरी जा की." सखाराम हसून म्हणाला, "हायत सायब. त्येच बसल्यात बगा बांधावर."

एक गोल त्यांनी केला, एक आम्ही. ऊन सोनेरी झालं. धोंडूचा आवाज बसला होता, तरी तो ओळ म्हणत होता आणि तालावर चेंडू पुढे सरकत होता. मला आजही तो ठेका ऐकू येतो. चेंडू उजव्या अंगाला साहेबांकडे आला. ते बांधाच्या कडेने निघाले, तांबडे केस उडताहेत, मागे दोन निळे सदरे. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि पडता पडता मारलं.

चेंडू आडव्या बांबूवर आदळला. अख्खा गोल थरथरला. चेंडू खाली पडला, रेघेवरून पिवळट धुरळा उडाला, आणि उसळून तो थेट माझ्या पायांशी आला.

मी तो उचलला. त्याच्या एका अंगाला अधेलीच्या नाण्याएवढं तूस चिकटलं होतं.

साहेब जमिनीवर पालथे होते, तोंड मातीत. मुख्य पंच मध्यावरून धावत येत होता. मला आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात ढालही नव्हती, कर्जतही नव्हतं. ट्रॉलीवर खाली ठेवलेला भाकरीचा तुकडा होता. मी चेंडू कोटाच्या बाहीवर दाबून फिरवला आणि मग दोन्ही हातांनी वर धरला. "गोल," मी म्हणालो.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की हाताच्या सवयीने पुसला गेला. सवयीने पुसला असता तर फडक्याने पुसला असता. फडकं माझ्या डाव्या हातातल्या काठीलाच होतं.

सखाराम रेघेशेजारीच पडला होता. उठून म्हणाला, "न्हाई. तूस उडालं. मी पायलं. रेघंवर पडला."

साहेब लंगडत आले. त्यांनी चेंडू माझ्याकडून घेतला, दोनदा गोल फिरवून पाहिला. मग ते सखारामला म्हणाले, "माती हाय रं. नुसती माती. बॉल सांगतो, गोल हाय." त्या नियमावर खोपोलीवाल्यांचाही विश्वास होता, कारण तो साहेबांचा होता. पंचाने शिट्टी वाजवली. बांध फुटावा तसे लोक आत घुसले. साहेब खांद्यांवर गेले, ढोल वाजले, धोंडू रडत होता, नाचत होता. मीही नाचलो. खोटं कशाला सांगू, त्या घटकेइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्या गर्दीत साहेब माझ्यापाशी आले. खांद्यावर हात ठेवला. मग दोन बोटांनी माझ्या बाहीवरचं काहीतरी टिपल्यासारखं केलं, जसं वडीलधारं माणूस लग्नाला निघालेल्या मुलाच्या कपड्यांवरून करतं. मला वाटलं, माया. पलीकडे खोपोलीचे लोक सखारामला बोलत होते. हरला तो हरला, वर खोटं बोलला. कोणीतरी त्याच्या अंगावर मूठभर तूस फेकलं. मी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी साहेब गेले. कर्जतच्या फलाटावर दहाच्या दहा जण हार घेऊन उभे होते. धोंडूने विचारलं, "ढाल नीट बांदून घेतली ना सायब?"

"ढाल तिच्या जागेवर हाय," साहेब म्हणाले. मग गाडीच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "भाऊ, रेघ सरळ ठेव." मला वाटलं, मैदानाचं सांगताहेत. पुढच्या हिवाळ्यात मी खरोखरच खाचरात पालथा पडून रेघ बघितली. चष्म्यामुळे नीट दिसली नाही. पुढे धोंडूची बदली झाली आणि खेळ थांबला.

सोळा वर्षं गेली. बढत्या झाल्या, मुलं झाली. कुठे काही बिनसलं, की मी डोळे मिटून स्कॉटलंडातलं एक घर बघे, आणि त्याच्या भिंतीवर आमची ढाल. एका माणसाला आयुष्यात एकदा जिंकवलं, असं मनाला सांगे. सखाराम मध्येच आठवे. मग मी दुसरं काहीतरी आठवत बसे.

गेल्या वर्षी कामासाठी शिळफाट्याला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ची वाट बघत उभा असताना समोर सायकलींचं दुकान दिसलं. दारावर ट्यूबांच्या माळा, आणि त्यांच्या वर, भिंतीला, पितळेचा उगवता सूर्य.

मी रस्ता ओलांडून तिथे कसा गेलो ते आठवत नाही. पंक्चर काढत बसलेल्या माणसाने मान वर केली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण हात तेच.

"या भाऊसाहेब," सखाराम म्हणाला. "बसा."

मी ढालीकडे बघत राहिलो. त्याने पाण्याच्या घमेल्यातून ट्यूब काढली, पुसली, बाजूला ठेवली.

"सायब आला व्हता," तो म्हणाला. "जायच्या आदल्या दिवशी. ट्रॉली ढकलत खोपोलीपत्तुर, तितून चालत हितं. आमच्या अंगनात बसला, आईच्या हातचं पानी प्याला. ढाल माज्या पुढ्यात ठेवली. म्हनला, बॉल उशिरा बोलला रं. ही तुजी. चार मानसं बोलावली शेजारची, त्यांच्या म्होरं म्हनला, सखाराम खरं बोलला व्हता." त्याने ढालीच्या मागे हात घालून कागदाची एक लहानशी पुडी काढली आणि उलगडली. आत तुसाची तीन फोलं होती, तेलाने काळी पडलेली. "ह्ये बी दिलं. ह्येच म्हनं साक्षीदार."

माझा हात आपोआप कोटाच्या बाहीवर गेला.

"मी इचारलं त्याला," सखाराम म्हणाला, "सायब, बॉल साफ कसा झाला मंग? कोनी पुसला? तर म्हनला, वाऱ्यानं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. ट्यूबांच्या माळा हलल्या आणि थांबल्या.

"वारा व्हता का वो त्या दिवशी, भाऊसाहेब?"

"नव्हता," मी म्हणालो. "चेंडू रेघेवर पडला होता. मी पाहिलं. मी पुसला."

सखारामने माझ्याकडे नीट पाहिलं, फटका यायच्या आधी गोलरक्षक बघतो तसं. मग पुडी परत मिटली, ढालीच्या मागे ठेवली, आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, चहा टाक. दोन कप. कर्जतचं भाऊसाहेब आलेत."

माझी एस.टी. आली. मी ती जाऊ दिली.